किल्लारीचा दगड आणि सिमेंटचा भरवसा

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारला काही मिनिटे असताना लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांच्या सीमेवरची जमीन हादरली. भूकंपाचे परिमाण 6.2 होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. विसर्जन आटोपून गावे गाढ झोपेत होती. किल्लारी, मंगरूळ, तळणी, सास्तूर, होळी, राजेगाव अशा गावांत मिळून सरकारी आकड्यानुसार सुमारे 8 हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराखाली गाडली गेली. पुढे 52 गावे नव्या जागी वसवावी लागली.

त्या पहाटेने मराठवाड्याला एक निष्कर्ष दिला आणि तो घराघरांत रुजला: दगडमातीचे घर मारते, सिमेंटचे घर तारते. सोयरिकीच्या बोलण्यात ‘स्लॅबचं घर आहे’ हे स्थळाचे भूषण झाले. माळवद, म्हणजे मातीचे छप्पर, ही मागासपणाची खूण ठरली. जनगणनेतही घराची प्रत ठरते ती भिंत कशाची आणि छप्पर कशाचे यावरून. तीस वर्षांत हा निष्कर्ष इतका सर्वमान्य झाला आहे, की तो तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

तपासल्यावर मात्र तो टिकत नाही. दगडमातीची घरे पडली आणि माणसे मेली, हे डोळ्यांनी पाहिलेले सत्य आहे. पण ती दगडाची होती म्हणून पडली, हे कोणी पाहिलेले नाही, मानून घेतलेले आहे. सिमेंटचे घर तारते हेही तसेच. किल्लारीच्या गावांत त्याची परीक्षा व्हावी इतकी सिमेंटची घरे तेव्हा नव्हतीच. भूकंप, वारा, ऊन आणि पाणी घराला साहित्याचे नाव विचारत नाहीत. त्यांचा हिशेब वजन, ताठरपणा, आकार आणि जोडणी यांच्याशी असतो. त्या हिशेबात दगड काय आणि सिमेंट काय, दोघांनाही सारखेच नियम लागू होतात.

वजनाचा हिशेब

एसटी अचानक सुटली, की उभा प्रवासी मागे झुकतो. त्याला मागे कोणी ढकललेले नसते; पाय गाडीबरोबर पुढे जातात आणि वरचे शरीर जागेवर राहू पाहते. भूकंपात घराचे नेमके हेच होते. पाया जमिनीबरोबर सरकतो, छप्पर आणि भिंतींचा वरचा भाग मागे राहू पाहतो, आणि मधल्या भागावर आडवा जोर येतो. हा जोर वस्तुमान गुणिले त्वरण एवढा असतो. जमिनीचे त्वरण माणसाच्या हातात नाही. वस्तुमान मात्र घर बांधणाराच ठरवतो.

मराठवाड्यातले माळवद म्हणजे तुळया आणि सरांवर किलचा, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याच्या तोंडी गळती थांबवण्यासाठी त्यावर नवी माती पडे. जुनी काढण्याची पद्धत नसल्यामुळे छप्पर वर्षागणिक जड होत जाई. दोन फूट जाडीचा थर धरला, तर एका चौरस मीटरवर जवळजवळ एक टन माती बसते. दहा बाय बाराच्या खोलीवर हे ओझे दहा टनांच्या पुढे जाते. त्याच खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला तर त्याचे वजन साडेतीन टनांच्या आसपास भरते, आणि लोखंडी पाइपांवर पत्रे टाकले तर दीडशे-दोनशे किलो. जमिनीचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पंचमांश धरले, तर छपराचा आडवा जोर माळवदाखाली दोन टन, स्लॅबखाली सातशे किलो आणि पत्र्याखाली तीस-चाळीस किलो येतो.

भिंतीचे गणितही असेच आहे. अडीच फूट जाड, दहा फूट उंच आणि बारा फूट लांब दगडी भिंतीचे वजन पंधरा टनांहून अधिक भरते. ‘भिंत जाड तेवढे घर भक्कम’ हा समज उभ्या ओझ्यापुरता खरा आहे. आडव्या हादऱ्यात तीच जाडी उलटते. भिंत जितकी जड, तितका तिचा स्वतःचाच धक्का मोठा. किल्लारीच्या परिसरातली कित्येक घरे भक्कमपणाच्या समजुतीने जाड केलेली होती, आणि त्या जाडीनेच आतल्या माणसांवर पडणाऱ्या ढिगाऱ्याचे वजन वाढवले. कुडाच्या भिंती आणि गवती छप्पर असलेल्या झोपड्यांत हा ढिगारा नव्हताच.

एवढ्यावरून दगड दोषी ठरत नाही. दोष ठरतो वजनाचा, आणि वजन दगडाइतकेच मातीचे होते. दगडी भिंतीवर हलके छप्पर ठेवता येते. सिमेंटच्या घरावरही गच्चीतल्या भरावाने, पाण्याच्या टाक्यांनी आणि परवानगीविना चढवलेल्या मजल्याने वजन वाढवता येते. आज तालुक्याच्या गावोगावी तेच चालू आहे.

भिंत फुटली कशी

पडलेल्या भिंतींचा दुसरा दोष बाहेरून सहजासहजी दिसत नव्हता. अशी भिंत एकसंध नसते. बाहेरच्या बाजूला दर्शनी दगडांचा एक पदर, आतल्या बाजूला दुसरा पदर, आणि मध्ये चिपा, गोटे आणि चिखलाचा भराव. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे, कारण तेवढा लांब दगड घडवायला वेळ आणि पैसा लागतो. शांत दिवसांत दोन्ही पदर आपापले ओझे पेलत उभे राहतात. हादरा बसला, की मधला भराव खाली बसतो, पाचरीसारखा दोन्ही पदरांना बाहेर लोटतो आणि भिंतीला पोट येते. पुढच्या हादऱ्याला बाहेरचा पदर अंगणात आणि आतला पदर अंथरुणावर पडतो.

तिसरा दोष कोपऱ्यांचा. दोन भिंती काटकोनात मिळतात तिथे दगडांची सांधमोड नीट नसेल, तर त्या एकमेकींना शेजारणींसारख्या फक्त चिकटून असतात. धक्क्याच्या दिशेने लांब असलेली भिंत ताठ राहते. आडवी असलेली भिंत पत्त्यासारखी झुकते. कोपरा उभा फाटतो आणि झुकणारी भिंत एकटी पडते. मिठाईच्या खोक्याचे झाकण काढले, की त्याच्या बाजू बोटाने दाबल्या जातात; झाकण बसवले, की तोच पुठ्ठा ताठ होतो. घराला हे ‘झाकण’ म्हणजे चारही भिंतींना फिरवून बांधणारा पट्टा. बैलगाडीच्या चाकाचे लाकडी तुकडे लोखंडी धावेने आवळलेले असतात. धाव निघाली की चाक सुटते. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून चारही भिंतींवर सलग फिरणारा सळईयुक्त पट्टा ही घराची धाव आहे. किल्लारीच्या घरांना ती नव्हती.

याच घरांत एक साक्षीदारही होता, पण त्याची जबानी फारशी कोणी घेतली नाही. जुन्या, ऐपतदार घरांत माळवद भिंतींवर नसे. ते खणांच्या लाकडी सांगाड्यावर, म्हणजे खांब आणि तुळयांवर पेललेले असे. अशा बऱ्याच घरांत भिंती ढासळल्या तरी खांब उभे राहिले आणि माळवद वरच अडकले. माती, दगड, गवंडी सारे तेच. जोडणी वेगळी होती म्हणून निकाल वेगळा लागला. मात्र या सांगाड्यालाही निर्दोष म्हणता येत नाही. खांब दगडी उथळ्यावर नुसते टेकवलेले असत, सांगाड्याला तिरपे आधार नसत, आणि आत कोसळणाऱ्या भिंतीपासून हा सांगाडा कोणाला वाचवू शकत नव्हता. काश्मीरमध्ये याच कल्पनेची पुढची पायरी दिसते. तिथल्या धज्जी देवारीत लाकडाचे उभे, आडवे आणि तिरपे तुकडे भिंतीची लहान लहान घरे पाडतात आणि त्यांत दगड-विटांचा पातळ भराव असतो. हादऱ्यात हजार ठिकाणी बारीक घर्षण होते, ऊर्जा तिथे जिरते, आणि भिंतीला पडलेली चीर एका चौकटीच्या बाहेर जात नाही. कच्छमधले भुंगे मातीचे असले तरी गोल असतात. त्यांना फाटायला कोपराच नसतो. 2001च्या भूकंपात नीट बांधलेले, हलक्या छपराचे भुंगे मोठ्या संख्येने टिकले.

सिमेंटची जबानी

2001च्या त्याच भूकंपाने सिमेंटचीही जबानी घेतली. 26 जानेवारीच्या सकाळी कच्छमध्ये 7.7 परिमाणाचा हादरा बसला आणि सुमारे 14 हजार माणसे गेली. भूकंपकेंद्रापासून अहमदाबाद अडीचशे किलोमीटरच्या आसपास दूर. तरीही त्या शहरात आरसीसीच्या बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो लोक मेले. त्या इमारती जुन्या नव्हत्या, मातीच्या नव्हत्या. जाहिरातीत ज्यांना आधुनिक म्हणतात तशाच होत्या. 6 फेब्रुवारी 2023 रोजी तुर्कस्तानात 7.8 परिमाणाचा भूकंप झाला. तिथे 50 हजारांहून अधिक माणसे गेली, आणि कोसळलेल्या इमारतींत बहुसंख्य सिमेंट-सळईच्याच होत्या. ‘सिमेंट तारते’ हे विधान खरे असते, तर या दोन तारखा इतिहासात नसत्या.

अहमदाबादेत पडलेल्या अनेक इमारतींचा आकार सारखाच होता: खाली खांबांवर मोकळे पार्किंग आणि वर विटांच्या भिंतींनी गच्च भरलेले मजले. वरचे मजले भिंतींमुळे ताठर होतात आणि पेटीसारखे एकत्र हलतात. तळमजल्यावर भिंती नसल्यामुळे तो एकटाच लवचीक राहतो. सगळे झुकणे त्या एका मजल्याच्या खांबांवर येते. चार काठ्यांवर ठेवलेली ट्रंक हलवून पाहिली तर ट्रंकेला काही होत नाही, काठ्या मोडतात. पडलेल्या कित्येक इमारतींचे वरचे मजले जवळपास तसेच खाली बसले आणि तळमजला नाहीसा झाला, त्याचे कारण हेच. भूकंपानंतर 2002 साली भारतीय मानक 1893 सुधारले. त्यात अशा मोकळ्या मजल्याचे खांब हिशेबाने येणाऱ्या जोराच्या अडीच पट जोरासाठी रचावेत, अशी तरतूद आली. काँक्रीटचा दर्जा तितकाच ठेवूनही केवळ आकारामुळे खांबाची गरज अडीच पट वाढते, हे यातून सरळ दिसते.

‘असले भूकंप गुजरातला, महाराष्ट्राला नाही’ हे आणखी एक समाधान. पण 2002च्या भूकंप-परिमंडळांच्या नकाशात अहमदाबाद, मुंबई आणि पुणे हे तिन्ही परिमंडळ तीनमध्येच आहेत, आणि कोयनेचा परिसर परिमंडळ चारमध्ये. किल्लारी 1993 पूर्वी परिमंडळ एकमध्ये, म्हणजे सर्वांत निर्धोक मानलेल्या पट्ट्यात होती. 2002च्या नकाशात ती तीनमध्ये आली. नकाशा बदलला तो भूकंपानंतर.

सळई, रिंग आणि बादलीभर पाणी

आरसीसीची ताकद दोन वस्तूंच्या भागीदारीतून येते. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र दाबाच्या साधारण दशांशच सोसते. तो ताण सळई घेते. ही भागीदारी टिकली तर खांब वाकतो, तडकतो, पण उभा राहतो. ती तुटली तर तो खडूसारखा कडकन मोडतो. भूकंपात घर वाचवणारा गुण म्हणजे नुसती ताकद नव्हे. न मोडता वाकण्याची क्षमता. लोखंडी तार वाकवली की वाकते आणि वाकताना गरम होते, म्हणजे ऊर्जा जिरवते. खडू काहीच जिरवत नाही.

खांबाला हा गुण देते ती उभ्या सळयांभोवतीची रिंग. ती आतले काँक्रीट आवळून धरते आणि सळयांना बाहेर फुगू देत नाही. रिंगेचे टोक 90 अंशांत वळवले, तर हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट उडताच ते टोक उघडे पडते आणि रिंग सैल केलेल्या पट्ट्यासारखी सुटते. टोक 135 अंशांत, खांबाच्या गाभ्यात वळवले तर ते अडकून राहते. खांब आणि बीम मिळतात त्या भागात रिंगांचे अंतर 100 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे, असे मानक सांगते. प्रत्यक्षात 135 अंशांचा हूक घालायला जिकिरीचा, म्हणून काटकोनात वळवतात. आणि जिथे सळयांची गर्दी सर्वांत जास्त, त्या सांध्यातच रिंगा गाळतात. प्लॅस्टर झाल्यावर दोन्ही खांब सारखेच दिसतात. खांब बीमपेक्षा बलवान असावा, हाही असाच न दिसणारा नियम. बीम आधी वाकला तर एका खोलीचे नुकसान होते, खांब आधी मोडला तर अख्खी इमारत जाते. म्हणून भारतीय मानक 13920च्या 2016च्या आवृत्तीत सांध्यावरच्या खांबांची वाकण्याविरुद्धची क्षमता बीमांच्या किमान 1.4 पट मागितली आहे.

पाण्याची गोष्ट याहून साधी आणि याहून घातक. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला 25 लिटर पाणी हे साधारण आरसीसी कामाचे कमाल प्रमाण. तेवढ्याने माल घट्ट राहतो, सळयांच्या जाळीत उतरवायला आणि कोचायला मेहनत पडते. मग मिक्सरजवळ ‘माल पातळ कर’ अशी हाक येते आणि पंधरा लिटरची एक बादली वर ओतली जाते. ते जादा पाणी सिमेंटशी संयोग पावत नाही. पुढे उडून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवते. ताकद निम्म्याच्या आसपास येऊ शकते. त्याच पोकळ्यांतून पुढे ओल आणि हवा सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते, फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. उलट स्लॅब घातल्यावर किमान सात दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस, त्याला ओले ठेवणे आवश्यक असते. ज्या गावात उन्हाळ्यात प्यायचे पाणी टँकरने येते, तिथे किती स्लॅब दहा दिवस ओले राहतात, हा प्रश्न सिमेंटच्या वकिलांनी स्वतःला विचारायला हवा. दगडाच्या भिंतीत आरपार दगड गाळणारा गवंडी आणि काँक्रीटमध्ये बादली ओतणारा मजूर एकाच चुकीचे दोन अवतार आहेत. फरक इतकाच, की दगडातली चूक निदान जाणत्याला बाहेरून ओळखता येते.

बुटके आणि उंच

‘उंच तितके धोक्याचे’ ही समजूतही याच भरवशाच्या पोटातली. प्रत्येक इमारतीला स्वतःचा झोका असतो. ढोबळ हिशेबाने दर मजल्याला सेकंदाचा दहावा भाग धरतात. एकमजली घर सेकंदात दहा वेळा हेलकावू पाहते, दहा मजली इमारत एकदा. जमिनीच्या हलण्याची लय आणि इमारतीचा झोका जुळले, की पाळण्याला वेळेवर हात लावावा तशी हालचाल वाढत जाते. 19 सप्टेंबर 1985 रोजी मेक्सिको शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर झालेल्या 8 परिमाणाच्या भूकंपात हेच घडले. शहराचा मधला भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसला आहे. तो गाळ सुमारे दोन सेकंदांच्या लयीत हलला, आणि सर्वाधिक मार बसला तो साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना. त्याच गाळावरच्या अनेक जुन्या, बुटक्या दगडी वास्तू उभ्या राहिल्या, आणि 1950च्या दशकात बांधलेला 44 मजली लॅटिन अमेरिकन टॉवरही.

किल्लारीत याच्या उलट घडले. भूकंपकेंद्र जवळ आणि उथळ होते. अशा ठिकाणी जलद, आखूड हादऱ्यांचे प्रमाण जास्त असते. ते बुटक्या आणि ताठर घरांच्या झोक्याशी जुळतात. दूर जाताना असे जलद हादरे जमिनीत विरतात आणि संथ लाटा पुढे जातात, म्हणून दूरच्या शहरात उंच इमारती सापडतात. दगडी घरे किल्लारीत पडली आणि मेक्सिकोत राहिली, यात विरोधाभास नाही. दोन्हीकडे जमिनीच्या लयीने आपला बळी निवडला.

हलके तेच चांगले?

वजनाचा मुद्दा मान्य केल्यावर पुढची चूक तयारच असते: मग सगळ्यांनी पत्रे टाकावेत. किल्लारीनंतर मातीच्या छपराखाली झोपायला घाबरलेल्या माणसांनी पत्र्याचा आसरा घेतला, ते समजण्यासारखे होते. पण भूकंप दशकांतून एकदा येतो, वारा दर वर्षी येतो आणि ऊन रोज.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 110 किलोमीटर वेगाला तो चौरस मीटरमागे पंचावन्न-साठ किलोंच्या घरात जातो. उतरत्या छपरावरून वारा जाताना पाखेच्या कडेला आणि कोपऱ्यांत तो दाबण्याऐवजी वर ओढतो. पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला पाच किलोंच्या आसपास. भूकंपात वरदान ठरणारा हलकेपणा इथे शाप होतो. पत्रा जागेवर ठेवायला वजन पुरत नाही, त्याला जे-बोल्टने वाशाला, वाशाला भिंतीशी आणि भिंतीला पायाशी बांधावे लागते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा याच साखळीतली कमजोर कडी घरोघरी तुटली आणि पत्रे, कौले उडाली. वजनावर विसंबलेले छप्पर भूकंपाला हरते, निव्वळ हलके छप्पर वाऱ्याला. दोघांनाही उत्तर एकच आहे, आणि ते म्हणजे बांधून घेणे.

उन्हाचा हिशेब आणखी वेगळा. मातीचा जाड थर दुपारचे ऊन पोटात घेतो आणि ते खोलीपर्यंत पोहोचायला बरेच तास लावतो. तोवर बाहेर गारवा आलेला असतो. पाच इंची स्लॅबमधून हीच उष्णता तीन-चार तासांत आत उतरते, म्हणून मराठवाड्यात स्लॅबच्या घरात संध्याकाळी आणि रात्री जीव नकोसा होतो. पत्रा तर उष्णतेला अडवतच नाही. माळवदावर दोन फूट माती घालणारे पूर्वज अडाणी नव्हते. रोजच्या शत्रूविरुद्ध त्यांनी केलेला तो बंदोबस्त होता. पण त्यांना शहाणपणाचा अखेरचा शब्द मानणेही तितकेच चूक. उन्हाला अडवणाऱ्या त्या मातीचे वजन त्यांनी आडव्या जोराच्या हिशेबात कधी धरले नाही, कारण कित्येक पिढ्यांत तो जोर आलाच नव्हता. पूर्वजांच्या गौरवाने भिंतीत आरपार दगड बसत नाही, जसा सिमेंटच्या गौरवाने रिंगेचा हूक वळत नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की दगडी बांधकाम नीट करणारे गवंडी उरले नाहीत, तेव्हा ही चर्चा निरर्थक आहे. गवंडी कमी झाले हे खरे. पण नीट काँक्रीट करायला लागणारी देखरेख खेड्यात त्याहून दुर्मीळ आहे. आरपार दगड घालणे डोळ्यांनी तपासता येते. काँक्रीटची ताकद तपासायला ठोकळे घालून प्रयोगशाळेत दाबावे लागतात.

दुसरा आक्षेप संख्येचा: दगडमातीच्या घरांनी मारलेली माणसे इतकी, की शंकेला जागाच नाही. या आकड्याबद्दल वाद नाही. चिखलात रचलेली, पट्टा नसलेली, दोन फूट मातीखाली दबलेली दगडी भिंत ही धोकादायकच आहे, आणि तशी घरे आजही उभी आहेत. त्यांचे माळवद हलके करणे, भिंतीत आरपार बांध घालणे आणि लिंटलच्या पातळीवर पट्टा फिरवणे हे काम तातडीचे आहे. पण त्या आकड्यातून ‘सिमेंट तारते’ हे निघत नाही. विहिरीत पडून माणसे मरतात, म्हणून नदी सुरक्षित ठरत नाही.

तिसरा आक्षेप सोयीचा: सामान्य माणसाला एक साधा नियम हवा असतो, आणि ‘सिमेंट वापर’ हा साधा नियम आहे. साधा नियम हवाच. पण तो साहित्यापेक्षा जोडणीचा असू शकतो आणि तितकाच साधा असू शकतो. छप्पर गरजेपेक्षा जड आहे का? चारही भिंती एका पट्ट्याने बांधल्या आहेत का? छपरावरचा जोर पायापर्यंत न तुटता जातो का, की मधेच मोकळा मजला किंवा अधांतरी खांब येतो? वाकायची वेळ आली तर घर तारेसारखे वाकेल की खडूसारखे मोडेल? हे चार प्रश्न दगडाच्या घराला, विटेच्या घराला आणि बारा मजली सोसायटीलाही विचारता येतात. ज्या घराची उत्तरे बरोबर, ते घर पक्के. मग ते कशाचेही असो.

हे प्रश्न नवे नाहीत आणि त्यांची उत्तरे गुपितही नाहीत. कमी ताकदीच्या दगडी बांधकामाला भूकंपात टिकवण्याचे भारतीय मानक 13828 आरपार बांध, सांधमोड आणि आडवे पट्टे यांबद्दल बोलते. भारतीय अभियंत्यांच्या मार्गदर्शनात भिंतीची जाडी 450 मिलिमीटरच्या आत ठेवावी, आरपार दगड उंचीत दर 600 मिलिमीटरला आणि लांबीत दर 1.2 मीटरला घालावेत, असे आकड्यांत सांगितलेले आहे. आरसीसीच्या खांबांना वाकण्याची क्षमता देण्याचे मानक 13920. रिंगेचा 135 अंशांचा हूक त्यातलाच. दगड नीट बांधला तर टिकतो हे पहिले मानक सांगते, आणि सिमेंट नीट बांधले नाही तर मोडते हे दुसरे. दोन्हींच्या पहिल्या आवृत्तीवर छापलेले साल एकच आहे: 1993.